विशाखाचा तिसरा रिपोर्ट

लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या विशाखाचं रक्तातलं एसजीपीटी, लिव्हरचं बिघाड दाखवणारं ते माप, चाळिशीच्या आसपास हवं तिथं एकशे ऐंशी आलं, तेव्हापासून तिच्या वडिलांची, दत्तोपंतांची झोप उडाली होती. पोरीच्या लिव्हरला सूज आहे, एवढंच त्यांना समजलं होतं. दारूला ती कधी शिवली नव्हती, कावीळ झाल्याचं आठवत नव्हतं, सोनोग्राफीत चरबीही निघाली नाही. डोकेदुखीच्या गोळ्या बंद करून महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा आणखी चढलेला.

आज तिसरा रिपोर्ट होता. दत्तोपंत हट्टानं सोबत आले. खुर्ची पुढं ओढून ते डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत बसले.

"हिपॅटायटिस सी आहे," डॉक्टर म्हणाले. "औषधानं बहुतेक जण बरे होतात, पण आता उशीर नको. हा विषाणू रक्तातून येतो. तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का?"

"एकदाच. त्र्याण्णवच्या भूकंपात," विशाखा म्हणाली. "पाच वर्षांची होते मी. ढिगाऱ्यातून काढलं होतं मला."

"मग तेच कारण दिसतंय. तेव्हा रक्त देताना हा विषाणू तपासत नव्हते. देणारा कोण होता, हे आता कुठं कळायचं."

विशाखानं रिपोर्टाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

 

दत्तोपंतांनी शर्टाची बाही वर सारली. "माझंही तपासून बघा, डॉक्टरसाहेब. ते रक्त मीच दिलं होतं."