भाड्याची गर्दी

यजमान संघाने गोल मारला आणि स्टँडमध्ये कुणी जागचं हललं नाही. निरीक्षकाने ते डोक्यात टिपून ठेवलं. थोड्या वेळाने चेंडू बाहेर गेला होता, गोलकीपर बुटाची नाडी बांधत होता, मैदानात काही म्हणजे काही घडत नव्हतं. आणि नेमका तेव्हाच अख्खा स्टँड उठून नाचायला लागला. निरीक्षकाला मनातून बरं वाटलं. टाळ्या कुठे वाजवायच्या हे भाड्याच्या गर्दीला कधी कळत नाही.

तो लीगकडून आला होता. ओळख न देता, टोपी डोळ्यांवर ओढून, खिशात फुकट पास घेऊन. संशय हा त्याचा व्यवसाय होता आणि विरंगुळाही. घरी दुधाच्या पिशवीवरची तारीख तो दोनदा वाचायचा. लग्नाला गेला तरी यातले बोलावलेले किती आणि नुसते आलेले किती, याचा हिशोब करत बसतो, अशी बायकोची तक्रार होती.

पूर्वी तळाला राहिलेला क्लब लीगमधून बाहेर जायचा. त्या भीतीने क्लबमालकांची झोप उडाली, म्हणून लीगने ती पद्धतच बंद केली. मालक झोपले. पण हरूनही काही बिघडत नाही म्हटल्यावर प्रेक्षकही दुपारचे घरी झोपू लागले. मग लीगमधल्या विद्वानांनी नवा नियम काढला. हरल्याबद्दल कुणाला काढायचं नाही. वर्षभरात ज्याच्या मैदानावर सगळ्यात कमी माणसं तिकीट काढून येतील, त्याला काढायचं. आज हंगामाचा शेवटचा दिवस. काठावर दोन क्लब उरले होते, हा आणि नदीपलीकडचा. दोघांच्या मॅचेस आपापल्या मैदानावर, एकाच वेळी. आणि इथे, जिथे वर्षभर कबुतरं बसायची, तिथे आज मुंगीला शिरायला जागा नव्हती. माणसं बसमध्ये कोंबून आणली असणार. तसा एक जरी सापडला, तरी क्लब बाद.

शेजारी एक मावशी स्वेटर विणत बसल्या होत्या. मैदानाकडे त्यांची जवळजवळ पाठच होती.

"कुठल्या बसने आलात, मावशी?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चालत. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"फुटबॉलची आवड दिसते."

"छे! एका चेंडूमागे एवढी माणसं, बघवत नाही मला."

निरीक्षकाने आणखी एक खूण मनात केली. पलीकडे एक न्हावी बसला होता, त्याच्या शेजारी त्याचं गिऱ्हाईक. गळ्यात पांढरं कापड, डोकं अर्धं भादरलेलं. हे जरा अतीच होतं. इतका खरा दिसणारा माणूस खरा असूच शकत नाही.

मावशींचा फोन वाजला. त्या ऐकत राहिल्या, मग सुई उंच धरून ओरडल्या, "तिकडे गर्दीने एक गेट बंद पडलंय! माणसं परत चाललीत!" स्टँड पुन्हा नाचला. अर्धवट डोक्याचं गिऱ्हाईक खुर्चीवर चढलं.

"कुणाचा फोन?" निरीक्षकाने विचारलं.

"नणंदेचा. तिला नदीपलीकडे दिलीय. ती त्यांच्या बाजूची आहे, पण बढाई मारल्याशिवाय तिला राहवत नाही. मी निम्मं धरते."

"पण इकडे गोल झाला, तेव्हा तुम्ही..."

"गोलाचं काय घेऊन बसलात, साहेब!" न्हावी म्हणाला. "ही पोरं हरली काय, जिंकली काय, त्यांना कोण काढतंय? आजची मॅच आमची आहे. क्लब गेला की या मैदानावर गोदामं येणार. मावशींचं सकाळचं चालणं, पोरांचा खेळ, माझ्या दुकानासमोरची हवा, सगळं गेलं. म्हणून दुकान जसं होतं तसं टाकून आलो."

"माझ्यासकट," गिऱ्हाईक म्हणालं.

निरीक्षकाने स्टँडभर नजर फिरवली. हजारो माणसं मैदानाकडे पाठ करून फोनला कान लावून बसली होती. इतकी बेशिस्त माणसं भाड्याने मिळत नाहीत.

तेवढ्यात मोठ्या फलकावर दोन्ही क्लबांच्या वर्षभराच्या तिकिटांची बेरीज झळकली. मॅच संपत आली की ती लावायची, असा लीगचा आदेश होता. रंगत यावी म्हणून. फोन कानावरून खाली आले. बेरीज अगदी सारखी होती.

"बरोबरी झाली तर?" मावशींनी विचारलं.

"मग खेळ बघतात," न्हावी खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. खेळात हा क्लब तळाला होता. "एक माणूस हवा हो, फक्त एक! शेवटच्या शिट्टीपर्यंत तिकिटाची खिडकी उघडी असते. पण बाहेर उरलंय कोण? दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा वर बसलाय."

निरीक्षकाचा हात खिशात गेला. पासवाले मोजणीत धरत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुपारभर तो ज्याला शोधत होता, तो कुणीतरी पाठवलेला, जाण्यायेण्याचं भाडं घेऊन बसलेला माणूस या मैदानात खरोखरच होता. एकच होता.

तो उठला आणि घाईघाईने जिना उतरू लागला.

"बघा, पळाला!" मावशींचा आवाज मागून आला. "मला आधीपासूनच शंका होती. किती खोदून खोदून विचारत होता!"

बाहेर रस्ता सुनसान होता. त्याने धापा टाकत खिडकीत हात घातला. "एक द्या. लवकर."

खिडकीतल्या माणसाने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्या टोपीकडे. तिकीट त्याने पुस्तकातून फाडलं, पण हातातून सोडलं नाही.

"आधी सांगा," तो म्हणाला, "कुठल्या बसने आलात?"