सुतळीची गाठ

मुलगा सुट्टीवर आला आणि रोज सकाळी म्हणू लागला, "चला बाबा, कड्यावरून फिरून येऊ." म्हाताऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. समोर एवढा समुद्र पसरलेला असताना जो पावलं मोजतो, तो जमीन विकायला निघालेला असतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आणि मुलगा तर पावलं मोजत होताच, वर वाटेच्या कडेने रोवलेल्या खांबांपैकी प्रत्येक वळणावरच्या खांबाला सुतळीची गाठ मारत होता.

"कसल्या खुणा रे?"

"काही नाही, सहज."

सहज म्हणे! मी काय दुधखुळा आहे? संध्याकाळी म्हातारा एकटाच गेला. शेवटच्या वळणावरची गाठ सोडून त्याने ती पार कड्याच्या टोकावरच्या खांबाला बांधली. घे, कर आता मोजणी!

सकाळी मुलगा पुढे, हा मागे. शेवटचं वळण आलं तरी मुलगा वळेना. खांब चाचपत तो सरळच निघाला.

"अरे, वळ की!"

"गाठ कुठे लागलीय अजून?" मुलगा म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते. "डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर दिसेल. तोवर आपली वाट पाठ करून ठेवतोय. गाठ लागली की वळायचं. तुम्ही सांगू नका, माझं मला जमू दे."

त्याने पाऊल उचललं. म्हाताऱ्याने धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"त्या गाठीवर जाऊ नकोस," तो कसाबसा म्हणाला. "ती मी बांधलीय."