कोल्हिणीचं हसू

कोल्हीण हसली आणि खोलीभर टाळ्या वाजल्या. महापेच्या त्या स्टुडिओतली दहा-बारा पोरंपोरी पडद्याकडे बघून आपल्याच कामावर खूश झाली होती, आणि का होऊ नयेत? कोल्हिणीच्या अंगावरचा केस न् केस वेगळा हलत होता. मागे खाडीकाठची खरी तिवरं होती, खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त आरिफाबाईंनी.

हीच कोल्हीण चौतीस वर्षांपूर्वी त्यांनी पेन्सिलीने काढली होती, एकेका सेकंदाला बारा-बारा चित्रं. आता तोच सिनेमा नव्याने होत होता. माणसं खरी, जनावरं कॉम्प्युटरची. पाहुण्या म्हणून बोलावणं आलं तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या. सत्काराची हौस म्हणून नव्हे. इतकी वर्षं काट्यासारखी सलणारी एक गोष्ट त्यांना दुरुस्त करून घ्यायची होती, आणि आज नाही तर कधीच नाही. कामोठ्याहून गाडी चालवत घेऊन आलेल्या लेकीला, आफरीनलाही, त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं.

"कसं वाटलं मॅडम?" रूपेशने विचारलं. घणसोली गावातला हा पोरगा जनावरांच्या टीमचा मुख्य होता. "आमी काहीच चेंज नाही केलं. एकदम सेम टू सेम. ती पिल्लाकडे बघून हसते ना, एका साईडने, त्याच्यावर तर तीन आठवडे घालवले आमी. तेच हसू बघत मोठा झालोय मी."

"तेच सरळ करा," आरिफाबाई म्हणाल्या.

"काय?"

"हसू. दोन्ही बाजूंनी सारखं करा. ते चुकलंय."

रूपेशला आधी थट्टा वाटली. मग त्याने त्यांचा चेहरा पाहिला. "मॅडम, लोक मरतात त्या हसण्यावर. तेच काढलं तर शिव्या घालतील आमाला."

आरिफाबाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. चित्रं काढणाऱ्यांच्या टेबलावर तेव्हा आरसा असायचा, हे त्यांनी त्या पोरांना सांगितलं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण कोल्हिणीच्या हसण्याला तो लागतोच. आधी आरशात बघून आपण हसायचं, मग ते कागदावर उतरवायचं.

"त्या वर्षी माझ्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. तोंड वाकडं झालं होतं. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी. चार महिन्यांनी बरं झालं, पण तोवर हा सीन काढून झाला होता. घरीच बसून काढला. मला वाटलं, बरोबर काढतेय. थिएटरात बसले तेव्हा कळलं. एवढं मोठं माझं वाकडं तोंड, आणि लोक टाळ्या वाजवतायत. इंटरव्हलला उठून घरी गेले मी. आजपण टीव्हीवर लागला की चॅनल बदलते."

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस," आफरीन म्हणाली.

"सांगण्यासारखं होतं का काही?"

लाजेचं असंच असतं. दुखणं चार महिन्यांत गेलं, लाजेने मात्र चौतीस वर्षं मुक्काम ठोकला होता. शेवटी ज्यांची कोल्हीण त्यांचा शब्द, म्हणून रूपेशने खुर्ची पुढे ओढली, माउस धरला आणि ओठाचा पडलेला कोपरा पकडून वर उचलला. तीन मिनिटांचं काम. कोल्हीण पुन्हा हसली, या वेळी दोन्ही बाजूंनी, टूथपेस्टच्या जाहिरातीत हसतात तशी. चूक काढायला जागाच उरली नाही. एकदाचं गंगेत घोडं न्हालं होतं.

"बस. आता बरोबर आहे," आरिफाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्स उचलली.

आफरीन उठली नाही.

"अम्मी, मी जन्मले तेव्हाचा तुझा माझ्यासोबत एकपण फोटो नाहीये. अब्बांसोबत आहे, नानीसोबत आहे, शेजारच्या पुतळाकाकूसोबतपण आहे. विचारलं की तू म्हणायचीस, फोटो मीच काढत होते ना."

तेव्हा घरात कोणी कॅमेरा काढला की तो हिसकावून आरिफाबाई स्वतःच्याच हातात घ्यायच्या. ज्याच्या हातात कॅमेरा, त्याचा फोटो निघत नाही.

"मला वाटायचं, मी तुला नकोशी होते," आफरीन म्हणाली. चौतीस वर्षांच्या बाईने हे दहा लोकांसमोर म्हटलं आणि मग तिला स्वतःलाच ते ऐकून कसंतरी झालं. ती रूपेशकडे वळली. "आधीचं लावा ना परत."

रूपेशने लावलं. वाकडं हसू पडद्यावर आलं. आफरीन खुर्चीतून पुढे झुकून बघत राहिली.

"तू माझ्याकडे अशी बघायचीस?"

आरिफाबाईंनी पहिल्यांदाच ते हसू शेवटपर्यंत पाहिलं. तेव्हा घरी पाळणा टेबलाला लागूनच होता. आरशात बघायचं, कागदावर ओढायचं आणि मध्येच पाळण्यात डोकावायचं, असे ते दिवस गेले होते. आपण वाकडं काढतोय हे लक्षात आलं नाही, कारण लक्ष आरशात नव्हतंच. हे इतक्या वर्षांत त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

"रूपेश, राहू दे आहे तसं," त्या म्हणाल्या.

"नक्की ना, मॅडम?"

"नक्की."

मग त्या पडद्याजवळ गेल्या आणि त्यांनी पिल्लावर बोट ठेवलं.

"आणि ही तू," त्या लेकीला म्हणाल्या. "कान तेवढे कोल्ह्याचे."