एका माणसापुरतं

बेल वाजली तेव्हा वेतुरियाच्या छोट्या तव्यात कांदा नुकताच गुलाबी होऊ लागला होता. त्यावर पाव कोबी, एक टोमॅटो, शेवटी एक अंडं फोडायचं. पंधरा मिनिटांत जेवण तयार. स्वस्त, पोटाला हलकं, आणि नेमकं एका माणसापुरतं. अठरा वर्षांत अंदाज कधी चुकला नव्हता.

दारात समोरची दोम्निका उभी होती. एकटीपुरतं शिजवायची वेळ आणली ती याच बाईनं. वेतुरियाचं बेकरीवाल्याशी जमलंय, असे हिनंच तिच्या नवऱ्याचे, तिबेरियुचे, कान भरले होते. धादांत खोटं. तिबेरियु नातं तोडून गेला तो पुन्हा फिरकला नाही. तेव्हापासून या दोघी एकाच जिन्यावर राहून एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या.

आज दोम्निकाच्या हातात नवीकोरी थाळी होती. कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा-भात, पाव, नवा चमचा, पेटती मेणबत्ती. मेलेल्याच्या नावानं सात वर्षं शेजाऱ्यांना देतात तशी. घेणाऱ्यानं फक्त ‘देव माफ करो’ म्हणायचं, मग ते त्या माणसाला पोचतं.

“कोण मेलं तुझं?” वेतुरियानं विचारलं.

“माझ्याच नावाचं आहे.” दोम्निका खाली बघत होती. “डॉक्टर म्हणतात, ईस्टरपर्यंत. मुलगा स्पेनमध्ये, त्याला या सगळ्याचं वावडं. मागं कोण देणार? म्हणून जिवंतपणीच देतेय.”

“मग जिन्यात दुसऱ्या बायका नाहीत?”

“त्या म्हणतील गं. त्यांचं मी काय वाकडं केलंय? मला तुझ्या तोंडून हवंय.”

वेतुरियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं हिनं खाल्ली, आणि आता चार गुंडाळ्यांत हिशेब मिटवायला आली. दार तोंडावर आपटावं असं तिला फार वाटलं. आत कांदा करपायला लागला होता. ती गेली, गॅस बंद केला, आणि परत येऊन दोम्निकाच्या हातातली थाळी दोन्ही हातांनी तिच्याकडेच मागे सरकवली. अशी थाळी कुणी नाकारत नाही, भिकारीसुद्धा नाही. दोम्निका पांढरीफटक पडली.

“नको ना गं असं करू,” ती पुटपुटली.

“माझ्याच्यानं नाही व्हायचं. खोटं म्हणून देऊ का? खोटं पोचत नाही.”

दोम्निका वळली. दोन पावलांचं अंतर, तेही तिला भिंत धरून कापावं लागलं. ती दाराशी पोचेपर्यंत वेतुरिया बघत राहिली. मग चिडूनच म्हणाली,

“ऐक. तू मर आधी. तुझ्या नावाची थाळी मी देईन, सातही वर्षं, न चुकता. माफ करायचं ते खाणारी करेल.”