कड्यापर्यंत

नाक कसं हवं, ते मंजुषाला ठरवता येईना. लॅपटॉपच्या पडद्यावर एक मुलगी स्वतःभोवती संथ फिरत होती आणि गेम विचारत होता : नाक, हनुवटी, रंग, उंची. मागच्या रविवारी हर्सूलच्या याच घरात पाहुण्यांनी याच गोष्टी नजरेनं मोजल्या होत्या. आज मोजणारं कुणी नव्हतं. तिनं मुलीला सावळी ठेवलं, नाक चांगलं ठसठशीत केलं आणि केस पांढरेशुभ्र. मग तिचं तिलाच हसू आलं.

"झालं का?" हेडफोनमधून विश्वजीतनं विचारलं.

विश्वजीत म्हणजे मागच्या रविवारी तिला बघायला आलेला मुलगा. वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनीअर. चहापाणी झाल्यावर दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, आणि त्याची आत्या जिन्यात येऊन उभी राहिली. बोलणार काय? तेव्हा तो हळूच म्हणाला होता, "मी एक ऑनलाइन गेम खेळतो. तिथं याल का? तिथं जिन्यात कुणी नसतं." मंजुषानं जन्मात गेम खेळला नव्हता. दाखवून घेण्याचा मात्र तिला वीट आला होता. नकार तर द्यायचाच आहे, निदान माणूस बघून देऊ, म्हणून ती हो म्हणाली. आज संध्याकाळी त्याच्या घरून फोन यायचा होता.

"झालं," ती म्हणाली आणि आत शिरली.

आत पहाट होती. बाहेर हर्सूलला दुपारचं ऊन रणरणत होतं आणि इथं निळ्या धुक्यात झाडं उभी होती. पानांतून उजेडाचे ठिपके तरंगत खाली येत आणि जमिनीला टेकले की विझत. पडद्याच्या कडांना चित्रांच्या रांगाच रांगा होत्या. कशानं चालायचं, कशानं बघायचं, कशानं हात पुढं करायचा, काही उमगेना. ती एका भिंतीत नाक खुपसून बराच वेळ जागच्या जागी चालत राहिली.

मागून काळ्या चिलखतातला, डोक्यावर शिंगं असलेला एक धिप्पाड योद्धा आला. तो विश्वजीत. त्यानं तिला ढाल दिली, बूट दिले, झगा दिला. लांडगे दिसायच्या आधीच त्यानं ते मारले. नदी आली तर तिला घोड्यावर घेऊन पलीकडं नेलं.

"तुम्ही काहीच करू नका," तो म्हणाला. "फक्त माझ्या मागं या."

ती जात राहिली. त्याच्या बोलण्यात बडेजाव नव्हता, उलट काळजीच होती. माणूस चांगला आहे, तिला वाटलं. आणि त्याच वेळी हेही वाटलं, की आपली बोटं कळफलकावर नुसती पडून आहेत. मनातला नकार जागचा हलला नाही.

तेवढ्यात तो योद्धा पाऊल उचलता उचलता विरून गेला. हेडफोन मुका झाला.

मंजुषा अरण्यात एकटी उरली. तिनं दिसेल ते बटण दाबलं. पोतडी उघडली. नकाशा अख्ख्या पडद्यावर पसरला आणि कसाबसा मिटला. हातात मशाल पेटली. तिनं एक जांभळं अळंबं खाल्लं आणि मेली. एका पांढऱ्या शिळेवर पुन्हा उठली. मरणं एवढं हलकं असतं, हे कळल्यावर भीतीच गेली. दूर डोंगरामागं काहीतरी सोनेरी झळाळत होतं. रस्ता नव्हता. ती तिकडंच निघाली. एक लांडगा अंगावर आला. तिनं डोळे मिटून सगळी बटणं दाबली. डोळे उघडले तर लांडगा आडवा पडला होता.

"सॉरी, सॉरी!" विश्वजीत धापा टाकत परतला. "इकडं लाइट गेली होती. घाबरलात का?"

"अजून थोडा वेळ आला नसतात, तरी चाललं असतं."

शब्द निसटले. झालं, मंजुषाला वाटलं, देऊन टाकला आपण नकार. तिला हलकंही वाटलं आणि वाईटही.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"माझ्या मागं या," ती म्हणाली.

तो आला. ती दरीत पडली, तर तोही उडी मारून पडला. दोघं शिळेवर उठले. ती दुसऱ्या वाटेनं गेली. ती वाट चिखलात रुतली. तिसरी काट्यांतून गेली. लांडगे आले तेव्हा तो तिच्या शेजारी उभा राहिला, पुढं नाही. आणि मग डोंगर संपला.

तिथं काहीच नव्हतं. ना खजिना, ना गाव. नुसता उघडा कडा, खाली ढगांचा समुद्र आणि त्यावर सांडलेलं सोनं. मंजुषाला बसायचं बटण सापडलं. पांढऱ्या केसांची मुलगी कड्यावर पाय सोडून बसली. शेजारी शिंगवाला बसला. खाली ढग हलत होते.

"इथं काही मिळत नाही का?" तिनं विचारलं.

"नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय." आज पहिल्यांदाच त्याच्या तोंडी घरचा शब्द आला.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्हाला स्वतः बघायचं होतं ना," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? मी इथं लई वेळा आलो, पण कधी बसलो नव्हतो."

खोलीचं दार उघडलं. आई, आवडाबाई, पदराला हात पुसत उभी होती. "मंजे, त्यांचा फोन येईल आता. काय सांगू? जमलं का गं काही?"

मंजुषानं माइकवर हात ठेवला नाही.

"जमतंय," ती म्हणाली, पलीकडं नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.