नाडी सोडणं

आईला वृद्धाश्रमात नोकरी लागली, पण तिथल्या म्हाताऱ्यांना इंग्रजीच कळायचं. म्हणून आठवी‑नववीतली लेक कामावर जायच्या आधीच तिच्याकडून रोज शब्द पाठ करून घ्यायची.

"शर्टाचं बटण काढायचं?"

"अनबटन."

"पट्टा?"

"अनबकल."

"बुटाची नाडी सोडायची?"

"अनटाय! झोपेत विचार, सांगेन."

पहिल्याच दिवशी खिडकीजवळचे आजोबा आईकडे बघून पुटपुटले, "अनटाय. प्लीज, अनटाय." पाठ केलेला शब्द कानावर पडला म्हणून आधी तिला आनंदच झाला. मग तिने चादर बाजूला केली. त्यांचे दोन्ही हात पलंगाच्या दांडीला बांधलेले होते. मनगटं लालभडक झाली होती. ती गाठ सोडायला वाकली, तोच मागून मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मावशी, उठून पडले तर निस्तरणार कोण? तो शब्द इथे कुणालाच कळत नाही. तुम्हालाही नाही."

संध्याकाळी आई दारातच बूट काढायला बसली आणि लेकीने उजळणी सुरू केली. बटण झालं, पट्टा झाला.

"आणि नाडी?"

आई गाठीकडे बघत राहिली. "तो नाही येत."

"काल तर येत होता!"

"काल कामाला लागले नव्हते."