वाटूरचा सामना

राजानंदनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर भार देऊन बसला. समोरच्या स्टेजवर अक्षता, त्याची लेक, दुसरं कडवं उचलत होती. आणि हा बाबा बसला होता तिच्या विरोधात, भिवादादांच्या पार्टीत, ढोलकी पुढ्यात घेऊन.

वाटूरला जयंतीच्या सामन्यात दोन गायनपार्ट्या समोरासमोर बसतात. एक गात असली की दुसरीनं गप बसायचं. बिलकुल गप. मान डोलली, बोटानं ठेका धरला, तोंडातून नुसती 'वा' जरी निघाली, तरी पंच त्या पार्टीची हार लिहून मोकळे. आणि गाणाऱ्याचं गाणं मध्येच तुटलं, तर हार गाणाऱ्याची. मग समोर बाप असो नाहीतर लेक, तिथं नातं चालत नाही.

भिवादादांना राजानंदचा भरवसा नव्हता. दुपारीच त्यांनी त्याला मांडवामागं नेलं.

"पोरगी हाय म्हणून आज बोट जरी हललं तुझं, तर उद्यापासून ढोलकी घेऊन घरी बस."

अठरा वर्षांपूर्वी ह्याच माणसानं राजानंदला वीटभट्टीवरून उचलून आणलं होतं. दादा तेव्हा स्वतः ढोलकी वाजवायचे. बोटं आखडली तशी त्यांनी पेटी धरली आणि ढोलकी राजानंदच्या मांडीवर दिली. शिव्या घालून घालून शिकवलं, पण 'बरं वाजवलंस' एवढं काही कधी त्यांच्या तोंडून निघालं नाही. अक्षतानं पुढं बसून गायचं म्हटलं, तर बाईमाणसानं कोरस धरावा म्हणाले आणि विषय संपवला. पोरगी मात्र बापासारखी ऐकून घेणारी नव्हती. तिनं गल्लीतल्या मिथुनला ढोलकीवर घेतलं, चार पोरी जमवल्या आणि आपली पार्टी काढली. आज सकाळी घरून निघताना मात्र बापाला सांगून गेली, की हरले तर पार्टी मोडीन आणि जन्मभर दादांच्या मागं कोरस धरीन. कौतुक करायचं म्हटलं की राजानंदची जीभ टाळूला चिकटायची. त्याला जे काय बोलायचं ते ढोलकीवरच बोलता यायचं, आणि आज नेमकं तेच बंद होतं.

गाणं अक्षतानं स्वतः रचलेलं होतं, तिच्या आज्जीवर. म्हणजे राजानंदच्या आईवर, कांताबाईवर.

अंगठ्याची शाई पुसून माझी आज्जी सही करून आली...

ही ओळ आली आणि मांडव उठला. पोरांनी शिट्ट्या घातल्या. अत्तरवाले चाचा पुढच्या रांगेतून हात उंचावून म्हणाले, क्या बात है बेटी, फिरसे. हेडमास्तरांनी चष्मा काढून जपून टाळ्या वाजवल्या. बाया तर जागेवरूनच कानशिलावर कडाकडा बोटं मोडायला लागल्या, पोरीला दृष्ट लागायला नको म्हणून. ज्याला जशी येईल तशी तो दाद देत होता. सगळ्या मांडवात गप होती ती भिवादादांची पार्टी. दादा तर डोळेसुद्धा हलवत नव्हते. राजानंदला वाटलं, ह्या म्हाताऱ्याच्या छातीत काळीज आहे की पेटीचा भाता?

शेवटचं कडवं सुरू झालं आणि फाटकन आवाज आला.

मिथुनच्या ढोलकीचं कातडं फाटलं. दिवसभर उन्हात ताणलेलं, आता उभं चिरलं. मिथुन पांढराफटक पडला. दुसरी ढोलकी त्यांच्याकडं कुठली असायला? अक्षता थांबली नाही. थांबली की हरली. ती तशीच गात राहिली, पण ठेक्याशिवाय आवाज उघडा पडला. कोरसच्या पोरी बावरल्या, एक पुढं धावली, दोन मागं राहिल्या. अक्षतानं एका हातानं मांडीवर ताल धरला, तो तिलाही ऐकू जाईना. मांडवात कुजबुज सुरू झाली. पंचांनी पेनचं टोपण काढलं.

एक थाप. एवढीच पाहिजे होती तिला, एक थाप, मग ती सावरली असती. पण ती थाप म्हणजे दादांची हार, दादांचं चाळीस वर्षांचं नाव मातीत आणि अठरा वर्षांचं मीठ हराम. अक्षतानं गाता गाता बापाकडं पाहिलं. मागत नव्हती काही. नुसतं पाहिलं. त्याला ते बघवलं नाही. त्यानं डोळे गच्च मिटले आणि मांड्यांखालचे हात आणखी दाबले.

आणि थाप पडली.

बराबर समेवर, खणखणीत. तिच्यामागं दुसरी, तिसरी. अक्षताचा आवाज एकदम वर चढला, पोरींचा कोरस जागेवर आला, सगळा मांडव उभा राहिला. राजानंदला दरदरून घाम फुटला. संपलं. शेवटी हातांनी दगा दिलाच. आता दादांना तोंड कसं दाखवायचं?

त्यानं डोळे उघडले. त्याचे हात मांड्यांखालीच होते. पुढ्यातली ढोलकी मात्र तिथं नव्हती.

ती भिवादादांच्या मांडीवर होती. पेटी बाजूला ढकललेली. पंच हार लिहीत होते, आणि दादांचं तिकडं लक्षही नव्हतं. आखडलेल्या बोटांनी ते जिवाच्या आकांतानं वाजवत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यांना सवड नव्हती. त्यांनी ढोलकी तशीच वाजवत वाजवत राजानंदकडं सरकवली.

"घे, जल्दी," ते म्हणाले. "माझ्या बोटांला तिची लय झेपंना."